गुंडाळीतला शेवटचा कप्पा

मिस्त्री कुठलाही पाना हातात घेतला की आधी त्यावर नखाने टिचकी मारायचे आणि तो कानाशी धरायचे. आपण बाजारात नारळ हलवून ऐकतो ना, तसं. डोळे मिटायचे. मग पाना खाली ठेवून म्हणायचे, "हा आपला नाय."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरात एक हरवलेला माणूस कमी होता म्हणून मी दुसरा बोलावला.

पहिला म्हणजे आमचे हे. वय ब्याऐंशी. नातवंडांची नावं सुटली, पण वाडीत चिकूखाली उभी असलेली जुनी फियाट सुटली नाही. ती चालत नाही. हे मात्र रोज दुपारी तिच्यात बसून दातिवऱ्यापर्यंत जाऊन येतात. आले की गाडीबरोबर मिळालेली हत्यारांची कॅनव्हासची गुंडाळी बॉनेटवर उलगडायची आणि एकेक कप्पा चाचपायचा. तीन कप्पे रिकामे होते. शेवटच्या रिकाम्या कप्प्यात बोट घालून विचारायचे, "अगं, कुणी नेलं?" मग चेहरा असा व्हायचा की मला उठून स्वयंपाकघरात जावं लागे.

म्हणून मिस्त्रींना बोलावलं. बोईसरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, वाणगावहून सायकलने यायचे. नवे पाने हवे तेवढे मिळतात, पण ते त्यांना चालायचे नाहीत. फियाटबरोबर आले होते त्याच घडणीचे हवेत. त्यासाठी बोईसरची भंगारची दुकानं धुंडाळायचे. तिथले कामगार हसायचे, "चाचा, फिर आ गए?" आणि मिस्त्री लोखंडाच्या ढिगाशी उकिडवे बसून टिचक्या मारत राहायचे.

प्लगचा पाना तिथे मिळाला. पक्कड पालघरच्या एका गॅरेजात. खाऱ्या हवेने गंजलेल्या त्या वस्तू ते माझ्या चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायचे आणि मग तारेच्या ब्रशने घासत बसायचे, दुपार सरेपर्यंत.

"चकचकीत पॉलिश करून टाका की," मी म्हटलं.

"नवं नाय करायचं, बाय. व्हतं तसं करायचं."

राहिली चाकावरून टायर उचकटायची लोखंडी पट्टी. दोन पट्ट्यांच्या जोडीतली एक शाबूत होती, तिच्याशी आवाज जुळवायचा होता. मिस्त्रींनी सात-आठ पट्ट्या आणल्या. प्रत्येकीला टिचकी. "ही आपली नाय." मी बाजूला बसून हळहळायचे. हळहळण्यात मी पहिल्यापासून हुशार.

एक दिवस त्यांचा ब्रश थांबला. "बाय, पक्कड मिळंपरेंत तुमी रोज इचारायच्या. या पट्टीचं एकदाबी नाय इचारलं."

सापडले मी.

तेवीस वर्षांची होते तेव्हा. लग्न होऊन पालघरहून आलेली, आणि स्वतःला फार व्यवहारी समजणारी. जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची एक मासळीवाली दारात आली. खडकावरून कालवं काढायचं तिचं हत्यार मोडलं होतं. मी गाडीच्या डिकीतून ती पट्टी काढून दिली आणि ताटभर कालवं घेतली. यांनी दोनदा मागून खाल्ली. दुसऱ्या दिवशी हे पट्टी शोधायला लागले, तर पदर खोचून सगळ्यांत पुढे कोण? मी. शेवटी संशय माझ्या भावावर गेला आणि त्याला पुन्हा कधी गाडी मिळाली नाही. मी त्याची बाजूसुद्धा घेतली. थोडीशी.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "कालवं गोड व्हती?"

"फार."

"मंग ठीक हाय."

दोन आठवडे आले नाहीत. आले ते पट्टी घेऊनच. ती मासळीवाली आता राहिली नव्हती. तिची सून ओहोटीला खडकावर त्याच पट्टीने कालवं काढत होती. मिस्त्रींनी लगेच मागितली नाही. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून तिच्या हाताच्या मापाची दुसरी बनवली, मुठीला नायलॉनची दोरी गुंडाळली, आणि तिला ती एक ओहोटीभर वापरू दिली. "तिला बरी वाटली, तवा जुनी मागितली."

जुनीचं टोक एका बाजूने झिजून नखासारखं पातळ झालं होतं.

"हे सरळ करणार ना?"

"नाय. ती झीज सासू-सुनंची हाय. आपन गंज तेवढा काढायचा."

"मग व्हतं तसं कुठे झालं, मिस्त्री?"

त्यांनी टिचकी मारली आणि पट्टी माझ्या कानाशी धरली. "आवाज तोच हाय."

यांच्या हातात दिली. यांनी त्या टोकावरून अंगठा फिरवला, पट्टी कप्प्यात सरकवली. बसली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि कालवं?"

इतकी वर्षं ठाऊक होतं, की नुसतं तोंडाला आलं? मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते सायकलच्या चेनला उगाचच तेल घालत होते.

यंदा चैत्रात मिस्त्री गेले. यांना दोनदा सांगितलं, पण राहत नाही लक्षात. आजही दुपारी दातिवऱ्याहून परतले की हे गुंडाळी उलगडतात. कुणी नेलं, असं आता विचारत नाहीत. शेवटच्या कप्प्यातली पट्टी काढतात, नखाने टिचकी मारतात, डोळे मिटून ऐकतात आणि मग माझ्या कानाशी धरतात.

"आपली हाय," म्हणतात. अगदी मिस्त्रींच्या आवाजात.