चावीआधीचं गाऱ्हाणं

"एकटी मुलगी असेल तर नको हां, आधीच सांगते."

फोन एजंटच्या कानाला होता, पण त्या बाईंचा आवाज इतका खणखणीत की बाजूला उभ्या असलेल्या मला शब्द न् शब्द ऐकू आला. भांडुपला एका सात मजली इमारतीच्या गेटबाहेर आम्ही उभे होतो. एजंटने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि फोनवर म्हणाला, "एकटी कुठली काकी? फॅमिली आहे. आई-वडील पुढच्या महिन्यात येतायत मस्कतहून. साधी माणसं एकदम."

माझे आई-वडील येणार नव्हते. बाबांची नोकरी तिकडे अजून काही वर्षं होती आणि आईला त्यांना सोडून येणं शक्य नव्हतं. एजंटला हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने फोन ठेवला तेव्हा मी पुन्हा सांगू शकले असते. मी चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिले. खोटं तो बोलला, मी फक्त गप्प बसले, असा हिशेब मी तेव्हा मनाशी केला.

माझा जन्म मस्कतचा, शाळा तिथलीच, इंग्रजी. पासपोर्ट भारताचा असला तरी इथे मी सुट्टीपुरतीच आलेली. मुलुंडला पहिली नोकरी लागली आणि मी अंधेरीत एका बाईंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहू लागले. चार महिन्यांत ती इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. रविवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा, असा निरोप आला. तेव्हापासून मी घरं बघत होते. घाटकोपरला एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्यासमोर एजंटला विचारलं होतं, "ही जेवते काय?" कांदिवलीला एका काकांनी विचारलं, "हिच्याकडे कोण कोण येणार?" प्रश्न माझ्याबद्दलचे, पण विचारायचे दुसऱ्याला. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटायचं. बोलावं लागत नसे.

भांडुपचं घर सातव्या मजल्यावर होतं. एकाच मजल्यावर या कुटुंबाचे दोन फ्लॅट. एकात ते स्वतः राहत, दुसरा, एक खोली आणि स्वयंपाकघर, भाड्याने द्यायचा होता. काकींनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "किती बारीक गं तू. ये, आधी बघून घे, मग बोलू. नळाला पाणी सकाळी सहा ते आठ. नंतर बोंबलायचं नाही."

मी आत गेले आणि खिडकीशी थांबले. समोर डोंगर होता. पायथ्यापासून वरपर्यंत घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी, पत्र्याची, सिमेंटची, एक निळं, एक गुलाबी, मध्येच एक देवळाचा कळस. त्या घरांच्या वर, जिथे कोणाचंच घर नव्हतं, तिथे सरळ जंगल सुरू होत होतं. हिरवं, दाट, कोणाशी काही देणंघेणं नसल्यासारखं. या शहरात जंगल आहे हे मला माहीत होतं, पण ते असं घराच्या खिडकीत येऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं. आता रोज कपडे वाळत घालताना तो डोंगर दिसतो, तरी हात क्षणभर थांबतोच.

मग काकी मला त्यांच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेल्या. बाहेरच्या खोलीत त्यांचे सासरे खुर्चीत बसले होते. ऐंशीच्या पुढचे, गिरणीतून निवृत्त झालेले, पायांवर शाल. "खंयसून इलंस गो?" त्यांनी विचारलं. मला कळलं नाही.

"कुठून आलीस, विचारतायत," काकी म्हणाल्या.

"मस्कत."

"आणि गाव?"

मी जळगावजवळच्या, दोनदाच पाहिलेल्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू आता कुठे मी नीट दिसले.

"मी सोळा वर्सांचो व्हतंय," ते म्हणाले. "ट्रंक घेवन बोटीतसून उतरलंय नि सरळ परळाक गेलंय. थंय आमच्या गावची खोली व्हती."

"आमच्या गावाने घेतलेली खोली," काकी मला समजावू लागल्या. "गावातून जो येईल तो तिथेच उतरायचा. वीस-बावीस पुरुष एका खोलीत. पहिल्या पाळीचे उठले की तिसऱ्या पाळीचे त्याच जागेवर झोपायचे. वळकटी थंड व्हायची नाही म्हणतात."

"माका कोणी कायएक इचारूक नाय," आजोबा म्हणाले. "फकस्त गाव इचारल्यानी."

एका खोलीत बावीस माणसं, आणि नव्याने आलेल्यासाठी तरीही जागा. गेल्या आठवड्यात मी तीन-तीन खोल्यांची रिकामी घरं पाहिली होती, आणि त्यांत माझ्या दोन बॅगांना जागा नव्हती.

"आई-बाबा कधी येतायत?" काकींनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात," एजंट म्हणाला.

घर पक्कं झालं. रविवारी सकाळी मी दोन बॅगा घेऊन टॅक्सीतून उतरले. अंधेरीची चावी परत दिली होती, तिथे आता जायला जागा नव्हती. सातव्या मजल्यावर माझ्या घराचं दार उघडं होतं. आत फरशी पुसलेली, भिंतीशी एक पाट, पाटावर नारळ, विडा, अगरबत्ती. काकी, त्यांचे यजमान, शेजारच्या एक मावशी आणि एजंट अर्धगोल करून उभे होते. आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं.

"चावी नंतर," काकी म्हणाल्या. "आधी आमचे बाबा गाऱ्हाणं घालतील. आमच्यात कोणी नवीन राहायला आलं की देवाच्या कानावर घालतात. ते बोलतील, आपण 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सोपं आहे."

मला वाटलं, गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. कोणाची करणार?

आजोबा दोन्ही हात खुर्चीवर टेकून उठले. त्यांच्या मुलाने धरायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. आणि मग त्यांचा आवाज आला. खुर्चीत बसून बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा तो नव्हताच. भर यंत्रांच्या खडखडाटात पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा तो होता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज तुझ्या लेकरांच्या ह्या घरात एक चेडू इला हा. समिंदराच्या पलीकडसून इला, रे म्हाराजा."

"चेडू म्हणजे मुलगी," काकी माझ्या कानाशी पुटपुटल्या, आणि पुढचंही हलक्या आवाजात समजावत राहिल्या.

"व्हय म्हाराजा."

"ह्या शहरात तेका कोण ओळखणा नाय. दारोदार फिरला. लोकांनी नाय म्हटल्यानी."

"व्हय म्हाराजा."

हे त्यांना एजंटकडून कळलं असणार; मी स्वतः कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा फोनवर सगळं छान चाललंय असंच सांगत होते. आणि हा माणूस ते खिडकीतल्या डोंगरालाही ऐकू जाईल अशा आवाजात देवाला सांगत होता, घरातल्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं, न लाजता, न रडता. आणि जी माणसं मला आठ दिवसांपूर्वी ओळखतही नव्हती, ती माझ्या बाजूने हो म्हणत होती. मीही म्हणत होते, आधी ओठांतल्या ओठांत, मग ऐकू जाईल एवढ्याने.

"तेच्या कामाधंद्याक येस दी. कोणाची वाकडी नजर आसात तर ती दूर कर, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेचे आवस-बापूस हंय येतले आसत. त्येंका सुखरूप हाड. तेंच्यासाठी ह्या घर दिलेला आसा. तिघांकय हंय सुखान नांदू दी, रे म्हाराजा."

"तुझ्या आई-बाबांना सुखरूप आण म्हणतायत," काकी म्हणाल्या.

"व्हय म्हाराजा."

आजोबा पुढचं बोलले नाहीत. त्यांनी डोळे उघडले नाहीत, मान वळवली नाही. नारळाकडे तोंड करून म्हणाले, "एक आवाज कमी इलो."

काकींनी आपल्या यजमानांकडे पाहिलं. शेजारच्या मावशींनी पदर सारखा केला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मॅडम," एजंट कुजबुजला, "दोनच शब्द आहेत. बोलून टाका ना."

"लाजतेय ती," काकी म्हणाल्या. "बाबा, घ्या पुढे."

"नाय. सगळ्यांनी म्हणूक व्हया." त्यांचे पाय थरथरत होते, पण ते बसले नाहीत. "मी वाट बघतंय."

एजंटच्या कपाळावर घाम होता. माझ्या बॅगा दारात होत्या आणि चावी काकींच्या मुठीत होती. नाही म्हटलं तर त्या बॅगा घेऊन मी कुठे जाणार हे मला माहीत नव्हतं. हो म्हणणं खरंच दोन शब्दांचं काम होतं. इतके दिवस माझ्या वतीने दुसरंच कोणीतरी बोलत आलं होतं आणि मी ते चालवून घेतलं होतं. पण हा माणूस माझ्यासाठी त्याच्या देवापुढे उभा होता, आणि मी त्याच्या तोंडून खोटं बोलवून घेत होते.

माझा आवाज निघाला तो मला वाटलं त्यापेक्षा मोठा होता.

"आजोबा, ते येणार नाहीत. मी इथे एकटीच राहणार आहे."