बाई पहिल्याच फेरीत मेल्या

आठवड्याच्या लेखनाच्या तासाला ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर अख्ख्या पाचवीनं एकच गाय लिहिली, तेव्हा माझं डोकं सटकलं. आमची शाळा कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना लागते. वर्गातली पोरं दिवसभर मोबाइलमधल्या एका गेमबद्दल तावातावानं बोलत असायची. विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारायची, मग एक मोठं वर्तुळ आकसत आकसत येतं, त्याच्या आत राहायचं. बाहेर राहिला तो मेला. म्हटलं, घ्या, हाच गेम आपल्या गावात खेळा आणि त्याची गोष्ट लिहा.

मग काय विचारता! एकजण थेट मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसच्या स्विमिंग पूलमध्ये उतरला आणि वॉचमननं त्याला ओल्या कपड्यांतच हाकललं. एकीनं बंदूक सोडून आईचा कोयता उचलला. आणि झाडून सगळ्या गोष्टींत बाई पहिल्याच फेरीत मेल्या. का रे, म्हणून विचारलं, तर म्हणे, “बाई, तुमाला पळता येत नाय.” खरं होतं, पण राग आलाच.

ही बातमी शाळा समितीच्या अध्यक्षांपर्यंत पोचली. ते तणतणत आले. “आमी घरी मोबाइल काढून घ्यायचा आन् तुमी शाळेत गेम शिकवायचा? बैठकीत हा तासच बंद करतो.” आठवडाभरात मला खरी मजा यायची ती त्या एका तासाला. हेडमास्तरांनी मधला मार्ग काढला: बैठकीत एका मुलानं गोष्ट वाचावी, मग समितीनं ठरवावं.

मी मुद्दाम अध्यक्षांच्या पुतणीला उभं केलं. घरचीच पोर, तिच्यावर काय ओरडणार, असा माझा कावा. पण एक गोष्ट मी विचारातच घेतली नव्हती. भावकीचा गणपती कुणाच्या घरी बसवायचा यावरून अध्यक्षांचं आणि तिच्या बापाचं वाजलं होतं. अध्यक्षांनी नव्या घरात आपला वेगळा गणपती आणला आणि तिच्या बापाकडच्या जुन्या घराची पायरी चढायची सोडली. जत्रेतसुद्धा दोघे भाऊ तोंड फिरवून जायचे.

पोरगी खणखणीत वाचू लागली. वर्तुळ आकसत आलं. भाताची शेतं गेली, शाळा गेली, देऊळ गेलं. आता फक्त तिच्या घराची ओटी उरली. सगळं गाव ओटीवर दाटीवाटीनं बसलं, आजीनं सगळ्यांना चहा दिला. “काका एकटेच अंगणात उभे हायत,” तिनं वाचलं आणि वही मिटली.

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. “मग? पुढं काय?”

“पुढचं मला माहीत नाय. काका, तुमी आत आलात का मेलात?”

अरे देवा, म्हटलं, गेला आपला तास! अध्यक्षांनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, “आलो म्हणून लिव.”

“खोटं कसं लिवू? बाई वरडतात. आदी या, मग लिवते.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. “खरं काय हो बाई?”

गोष्टीत हवं तेवढं खोटं बोला, पोटभर थापा मारा, असं मी वर्षभर घसा फोडून सांगत होते. ती भवानी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

“हो ना,” मी म्हणाले. “फार ओरडते मी.”

ते उठले. “तास चालू ठेवा,” एवढंच बोलून त्यांनी दाराबाहेर चपला चढवल्या. त्यांचं नवं घर डाव्या हाताला. ते उजवीकडे वळले. पोरगी पेन्सिल घेऊन मागून धावत सुटली.

“काका, हळू चाला ना! मला नीट बघू द्या, लिवायचं हाय!”