धाकटीची घरघंटी

माझ्या धाकट्या जावेनं सोळा वर्षांपूर्वी स्वतःच्या पाटल्या मोडून घरी पीठ दळायची घरघंटी घेतली, तेव्हा मी सगळ्यांत जास्त हसले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं मला भलता शहाणपणा सुचेल.

आम्ही जळगावात एकाच घरात राहायचो. मी, नवरा, मुलगा आणि सासू खाली, धाकटी आणि दीर वरच्या मजल्यावर. मी शाळेत शिक्षिका. ती घरीच. त्याच दिवाळीला मी सोफा घेतला होता, चांगला महागातला, कॉफी रंगाच्या रेक्झिनचा. माझ्या कमाईचा पहिला मोठा खर्च! आल्यागेल्याला मी आधी सोफ्यावर बसवायची, मग पाणी विचारायची. आणि तिसऱ्याच दिवशी टेम्पोतून ही पांढरी पेटी उतरली. सगळी गल्ली माझा सोफा सोडून जिन्यात.

"अगं, कोपऱ्यावर गिरणी आहे ना? दहा मिनिटांत दळून मिळतं," मी म्हणाले. "पाटल्या मोडून कोणी पीठ दळतं का?"

"अक्का, कळण्याचं पीठ गिरणीत धड मिळत नाही हो. आधीच्या गिऱ्हाइकाची मिरचीसुद्धा येते त्यात," ती म्हणाली. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलं की कळणा. आमच्याकडे त्याची भाकरी आणि ठेचा असला की दुसरं काही लागत नाही. सासू धुळ्याकडच्या खेड्यातली, पक्की अहिराणी बोलणारी. तिनं कपाळावर हात मारला होता. "आते घरमा गिरणी? पैसा उतू चालना का?" मला बरं वाटलं. म्हटलं, एक मत तर माझ्या बाजूला पडलं.

पण पहिल्याच आठवड्यात धाकटीनं वरून गरम भाकरी पाठवली. सासूनं तुकडा मोडला, चावला आणि म्हणाली, "भाकर गोड लागस. पीठ ताजं शे." झालं. तेव्हापासून रोज अकरा वाजले की म्हातारी कठडा धरून जिना चढायची. माझ्या हातच्या पोळ्या डब्यात वाळायच्या. माझा मुलगासुद्धा शाळेतून आला की दप्तर खाली आणि स्वारी वर, काकूकडे. पोटचं पोर! मी विचारलं, "माझ्या भाकरीला काय काटे आहेत का?" तर म्हणतो, "काकूची मऊ असते." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि माझा सोफा? जळगावचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. मे महिन्यात त्या रेक्झिनवर बसलेला माणूस उठताना सोलून निघायचा. पाहुणे 'इथंच बरं आहे' म्हणत फरशीवर मांडी घालायचे. तिसऱ्या वर्षी तो मधून खचला, पाचव्या वर्षी मी तो भंगारवाल्याला दिला, आणि त्यानं वरून हमाली मागितली. घरघंटी वर घुरघुरतच होती. आधी मला तिचा आवाज यायचा, नंतर तो नाही आला की चुकल्यासारखं व्हायचं. त्याचाही राग यायचा.

मनातलं सांगू? मी वाट पाहत होते, ती बंद पडायची. दर वर्षी वाटायचं, आता पडेल. शेजारणी डबे घेऊन वर जायच्या तेव्हा मी म्हणायची, "जपून गं, मोटर आहे ती, कधी जळेल नेम नाही." काळजीच्या आवाजात म्हणायची. बायका एवढ्या काही भोळ्या नसतात. त्यांना कळत असणार.

माझ्याकडे एकच हुकमाचा पत्ता होता, मांडे. उलट्या खापरावर टाकायची ती आमची खान्देशातली हातभर पुरणपोळी. दोन्ही हातांवर खेळवून खेळवून मोठी करायची, लाटणं लावायचं नाही. धाकटीला ते कधी जमलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. नणंद नंदुरबारहून यायची, धाकटी तिच्या माहेरी पाचोऱ्याला जायची. माझे आईवडील गेलेले आणि चाळीसगावच्या भावाला बहिणीची आठवण फक्त राखीला येते. त्यामुळे सणाला घरात मी आणि माझं खापर. त्या एका दिवशी सासू मला नावाजायची. "थोरलीना हातना मांडा खावा." वर्षभर मी त्या वाक्यावर काढायची.

मांड्यांचे गहू आदल्या रात्री पाण्याचा हात लावून ओलवायचे, फडक्यात बांधून ठेवायचे, सकाळी पसरून वाळवायचे, मग दळून पीठ कापडातून गाळायचं. सात वर्षांपूर्वीच्या आखाजीला मी गहू ओलवून ठेवले आणि सकाळी कोपऱ्यावर गेले तर गिरणीला कुलूप. गिरणीवाला सणाला गावी गेलेला. नणंदेचा फोन आला, "वहिनी, निघालो बरं का, पोरांनी सकाळपासून काही खाल्लं नाही, मांड्यांसाठी पोट रिकामं ठेवलंय."

धाकटी आणि दीर आदल्या दिवशीच पाचोऱ्याला गेले होते. तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडेच होती. एक फोन करायचा होता, 'तुझं मशीन वापरते गं' एवढं म्हणायचं होतं. नाही केला. नऊ वर्षं जिला नावं ठेवली तिच्याकडे दळण मागायचं? जीव गेला तरी नाही.

गहू अजून गार लागत होते. घरघंटीच्या झाकणावर धाकटीच्या अक्षरातली चिठ्ठी होती: ओलं घालू नये. मी म्हटलं, मला शिकवते का ही, आणि गहू ओतले. सुरुवातीला बरं चाललं. मग आवाज जड झाला, कण्हल्यासारखा. मग जळका वास आला आणि मशीन थांबलं. हात घातला तर आत जाळीला लगदा चिकटलेला, चटका बसेल इतका गरम. काय करावं सुचेना. वरवरचं पुसलं, उरलेले गहू काढले, निघालं तेवढं पीठ घेतलं, खिडकी उघडली, वास जाईपर्यंत उभी राहिले आणि कुलूप लावून खाली आले.

त्या पिठात दुकानातला मैदा मिसळून मी मांडे केले. एकेक हातावरच फाटत होता. नणंद शहाणी, ती म्हणाली, "चवीला छान झालेत." सासूनं एक मांडा खाल्ला आणि ताट बाजूला सारलं.

चार दिवसांनी धाकटी आली. दुसऱ्या दिवशी वरून हाक, "अक्का, मशीन सुरूच होत नाही हो." मी म्हणाले, "होल्टेज कमीजास्त झालं असेल." इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. कारागीर आला. सासू वरच होती, दाराशी खुर्चीवर. मीही गेले, न जाऊन कसं चालेल? त्यानं जाळी उपसून काढली. सिमेंट बसावं तसं पीठ घट्ट बसलेलं.

"ओले गहू टाकलेत कोणीतरी," तो म्हणाला.

आमच्या घरात ओले गहू कोण दळतं हे भिंतींनासुद्धा माहीत होतं. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्याला म्हणाली, "माझ्याच हातून गेले असतील, भाऊ. माहेरी जायच्या गडबडीत होते ना."

मी पदराशी चाळा करत उभी राहिले. बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. आणि मला काय वाटलं ते ऐका. उपकार वाटले नाहीत, लाज तर त्याहून नाही. मला तिचा आणखी हेवा वाटला. मशीन चांगलं, भाकरी चांगली, आता मनही हिचंच चांगलं? माझ्यासाठी काही शिल्लक ठेवशील की नाही, बाई?

कारागिरानं जाळी बदलली, मोटर पुन्हा भरून आणली. खर्च धाकटीनंच दिला. जाताना पेटीवर थाप मारून म्हणाला, "महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार. अजून दहा वर्षं हिला मरण नाही." त्यातली सात तर झालीच.

गेल्या वर्षी दिराची धुळ्याला बदली झाली. सामान बांधायला घेतलं. मला वाटलं, चला, आता म्हातारी तरी माझ्या वाट्याला येईल. मी तिची खाट खिडकीपाशी सरकवली, कळणा दळून आणायला नवी गिरणीसुद्धा हेरून ठेवली. इतकी वर्षं जिच्या तोंडून एक शब्द ऐकायला मी धडपडले, ती आता रोज माझ्याच हातचं खाणार होती. टेम्पो दारात आला. चौघांनी घरघंटी चढवली. आणि पाहते तर सासू लुगड्यांची पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी.

"तुम्ही कुठे, आई?"

"धाकटीकडे."

माझा तोल गेला. "भाकरीसाठी ना? सांगा की सरळ, त्या मशीनमागं चालल्या म्हणून! इथं मी काय उपाशी ठेवणार होते का तुम्हाला?"

ती शांतपणे म्हणाली, "भाकरकरता नही जास मी. आते दात कोठे शेतस माले? त्या साल तिनी तुन्हं आंगवर लिधं. माले वाटनं, दोन दिनमा तू खरं सांगशी. सहा वरीस वाट देखी."

जमीन दुभंगावी असं वाटलं. आणि एवढं ऐकूनही माझ्या तोंडून काय निघालं? "म्हणजे तिनंच चुगली केली ना तुमच्याकडे?"

सासूनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, दमल्यासारखं.

"तिनी आजलगून तोंड नही उघाडं. म्हनीसन तिनाकडे जास."

ती पिशवी घेऊन टेम्पोकडे चालू लागली. तेवढ्यात धाकटी घरात आली. तिनं काही ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. रिवाजाप्रमाणं ती माझ्या पाया पडायला वाकली. खरं तर वाकायला मी हवं होतं. निदान खांदे धरून तिला उठवायचं, म्हणायचं, अगं, ते गहू माझे होते. शब्द घशापर्यंत आले होते, देवाशपथ आले होते.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा."