गुलाबभाऊच्या तोंडाची धास्ती

प्रसिद्ध देवळाच्या जवळ राहणाऱ्याला पाहुण्यांची कमी नसते, आणि पाहुणे आले की किस्से आपोआप साठतात. आमच्या सावली गावच्या शाळेत मधल्या सुट्टीच्या चहाबरोबर मार्कंड्याच्या देवळाचा एखादा किस्सा असतोच. नदी ओलांडून मार्कंड्याला पोहोचलं, की गाडी थांबायच्या आत खिडकीत गाईडचं डोकं शिरतं. बाकीचे सर हसतात. मी मुळातच घाबरट, मला त्या डोक्याचीच धास्ती.

सगळ्यांत चिवट गुलाबभाऊ. आमच्या भोयर सरांनी एकदा त्याला टाळायला पाहिलं. म्हणाले, "भाऊ, आम्ही इथलेच. लहानपणापासून येतो."

गुलाबभाऊ गाडीचं दार उघडत म्हणाला, "मंग तर तुमाले गाईड पायजेच. इथल्या माणसाले काईच माईत नसते."

सर अख्खं देऊळ त्याच्या मागे फिरले.

*

इतिहास शिकवणाऱ्या शबाना मॅडमचे मामू हैदराबादहून आले होते. मॅडमनी ठणकावलं, "गाईड नको, मीच दाखवणार." गुलाबभाऊ "बरं" म्हणाला, थोडा पुढे गेला आणि भिंतीकडे तोंड करून एकटाच मोठ्याने माहिती सांगू लागला.

"मामू, सुनना नहीं," मॅडम म्हणाल्या.

मामू बिचारे खाली मान घालून चालले. पण एका मूर्तीपाशी त्यांना राहवलं नाही. "ये कौन है?"

गुलाबभाऊ गर्रकन वळला. "पूछा तो गाईड लगा, मामू."

*

इथवर ठीक होतं. माझी झोप उडवली ती पुढच्या किस्स्याने.

भोयर सरांनी तापाची रजा टाकली आणि सासुरवाडीच्या लोकांना मार्कंडा दाखवून आणलं. पुढच्याच आठवड्यात हेडमास्तर आपल्या व्याह्यांना घेऊन तिथे गेले. कुठली शाळा, काय, अशी चौकशी झाल्यावर गुलाबभाऊ खुशीत म्हणाला, "तुमचे भोयर सर येऊन गेले ना इथी. तब्येत एकदम मस्त हाय त्यायची."

स्टाफरूम आठवडाभर हसत होती. मला मात्र हसू येईना, कारण माझ्या घरातलीही एक गोष्ट गुलाबभाऊला ठाऊक होती.

*

माझ्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न एकदा ठरून मोडलं होतं. आमच्याकडे पसंती झाली की दोन्ही घरं मिळून मार्कंड्याला दर्शनाला जातात. त्या खेपेला आम्हा सगळ्यांना फिरवलं होतं गुलाबभाऊनेच. फोटोसाठी त्या मुलाला आणि पल्लवीला शेजारी उभंही त्यानेच केलं होतं.

आता ब्रह्मपुरीचं स्थळ आलं. मुलगा निखिल, घरी आई. पल्लवीला तो मनापासून आवडला होता. मोडलेल्या लग्नाचं मी मध्यस्थाला सांगितलं होतं, पण त्याने ते पुढे पोहोचवलंच नाही. कळलं तेव्हा पल्लवी म्हणाली, "बाबा, आता मीच निखिलला सांगीन. मार्कंड्याला निवांत बोलते. त्याच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याला समजलं तर मी खोटी ठरीन."

दुसरं तोंड कोणाचं, ते मला विचारावं लागलं नाही.

गाडीतून उतरताच मी समोर आलेल्या पहिल्याच गाईडचा हात धरला. पण गुलाबभाऊ गर्दीतून घुसलाच. "बाजूले व्हा रे, ही आपली पार्टी हाय." त्याने पल्लवीकडे पाहिलं, निखिलकडे पाहिलं, आणि निखिलच्या आईला म्हणाला, "या बाई, इकडून या."

मी त्याला चिकटूनच चाललो. त्याने तोंड उघडलं की मी मध्येच काहीतरी विचारायचो. हा दगड कुठला, तो खांब काऊन वाकडा. शेवटी तो कंटाळला. "सर, तुमी एवढे काऊन घाबरून राह्यले? देऊळ नाई पडत."

पल्लवी आणि निखिल नदीच्या पायऱ्यांकडे गेले. लांबून दिसत होतं, ती बोलतेय आणि तो मान खाली घालून ऐकतोय. बराच वेळ झाला. बायको माझा हात दाबून म्हणाली, "तो काई बोलून नाई राह्यला हो."

परत आल्यावर पल्लवी माझ्या कानात म्हणाली, "सांगितलं. तो गप्पच आहे." तिचे डोळे भरले होते. आता हेही मोडलं, असं मी धरूनच चाललो.

निघताना निखिलच्या आईने गुलाबभाऊला हात जोडले. "छान फिरवलं भाऊ. मागच्या खेपेलेही तुमीच..." आणि त्यांनी जीभ चावली.

"आई!" निखिल म्हणाला.

निखिलचे कान लाल झाले होते. तो पल्लवीकडे वळला. "माझंबी मोडलं होतं. तू सांगत होती तवा मलेबी सांगाचं होतं. हिंमतच नाई झाली."

पल्लवीने डोळे पुसले आणि फस्सकन हसली.

मी गुलाबभाऊला बाजूला ओढलं. "म्हणजे तू दोन्ही घरं ओळखत होतास?"

"नाई सर," तो आत शिरणाऱ्या पुढच्या गाडीकडे बघत म्हणाला. "लग्नाच्या गोष्टीले आलेलं माणूस मी दरवेळी पैल्यांदाच पाहतो."