थोरल्या मामांचं विरोधी मत

सभेत हात वर करण्यावर माझ्या थोरल्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही. जन्म मैंदर्गीचा, सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून, आणि उरलेलं आयुष्य आमच्या चाळीस घरांच्या बाप्टिस्ट मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, वाहिलेलं. बाप्टिस्टांवर बिशप नसतो. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कोण नेमायचा इथपासून चर्चच्या पडद्याच्या रंगापर्यंत सगळं सभासदच ठरवतात. मामांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की उपासनेनंतरच्या चहात आलं घालायचं का, यावरही त्यांनी एकदा मतदान घेतलं. आलं हरलं. मामांना आल्याशिवाय चहा गोड लागत नसे, पण त्या रविवारपासून ते बिनआल्याचा चहा निमूट पीत राहिले, आणि कुणी मायेने आलं टाकलेला कप पुढे केलाच तर तो परत पाठवत. घरीही तेच. भाजी कुठली करू, असं मामीने विचारलं की ते मुलांकडे वळत. मुलं बटाट्यालाच मत देत आणि मामा आठवडाभर बटाटा खात.

नवे पाळक निवडले तेव्हा मामांचं मत विरोधात होतं. हा तरुण माणूस प्रार्थना फार घाईने उरकतो, अशी त्यांची तक्रार. तरी पाळकांचं सामान टेम्पोतून उतरवायला सगळ्यांत आधी मामाच हजर.

दोन वर्षांनी संघाचं पत्र आलं. जिल्ह्यातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी मिळून केलेला हा संघ, आम्हीही त्यात. संघाने आमच्या पाळकांची बदली केली होती. ऐकलं नाही तर आमचं सभासदत्व जाणार होतं. पाळकांच्या बायकोला सातवा महिना. समजूत घालायला संघाचे दोन पदाधिकारी आले. संघाबाहेर पडलो तर आपल्याला कोण, ही धास्ती प्रत्येकाला होती. मामा उठले.

"साहेब, मी ह्यांना मत दिलं न्हवतं, आजबी देणार न्हाय. पण ठेवायचं का काढायचं, ते ह्या मंडळीनं ठरवायचं. संघाशी आमची सोयरीक हाय. मालकी न्हाय."

मतदान झालं. पाळकांना ठेवावं म्हणून बाकी सगळे हात वर गेले. विरोधात एकटे मामा. बाहेर पाळकांनी त्यांचे हात धरले, तर मामा म्हणाले, "प्रार्थना अजून घाईतच करता तुमी." मग घरी येऊन मंडळीचा निर्णय त्यांनीच सुवाच्य अक्षरात संघाला लिहिला. महिन्याभराने संघाची वार्षिक सभा होती. बोलावणं नसताना मामा भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेऊन गेले, मागच्या बाकावर बसले, आणि दुपारी त्यांनी त्या दोन पदाधिकाऱ्यांनाच आग्रह करून वाढलं. बदली रद्द केल्याचं संघाने कधी कळवलं नाही. सभासदत्वही काढलं नाही. पुढच्या वर्षी रीतसर निमंत्रण आलं.

हल्ली मामा पुण्यात मुलीकडे असतात. तिथलं चर्च मोठं आहे, सगळं ऑफिसात ठरतं, यांना कुणी काही विचारत नाही. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. मागच्या खेपेला मी सांगितलं की पुढच्या रविवारी मंडळीची सभा आहे, विषय मात्र काहीच नाही.

"विषय न्हाय? मग लई येळ चालंल," ते म्हणाले. मग सभा किती वाजता आहे, ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.