शेवटच्या पानावरची खूण

साहेबांनी पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, याला बोंबलाचा वास येतोय."

त्यांनी दुसरं पुस्तक काढलं. त्यालाही तोच वास. मागच्या खोलीतलं ते कपाट मी कुलूप लावून ठेवलं होतं आणि साहेबांनी नेमकी त्याचीच चावी मागितली होती.

मी ग्रंथपाल आहे. राहते सालवडला. ग्रंथालय बोईसरहून तारापूरच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका किनारी गावात. दोन खोल्या, सात कपाटं, मी आणि सफाईला लीलाबाई. लीलाबाई पहाटे बंदरावरून मासळी आणतात, गावभर विकतात आणि अकरा वाजता येऊन ग्रंथालय झाडतात. एक चावी माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.

त्या दिवशी तपासणी होती. साथीच्या काळात लोक एकटे पडले, मुलांचं वाचन मागे गेलं, म्हणून ग्रंथालयं आणि वस्तुसंग्रहालयं यांना सरकारचं खास अनुदान निघालं होतं. आपल्या गावाला उभं राहायला तुम्ही काय मदत कराल ते लिहून द्यायचं. मी लिहिलं होतं. आमच्याकडे येणारी चौथी-पाचवीतली मुलं एक ओळ सलग वाचू शकत नव्हती. शाळा बंद होत्या तेव्हाचं ते राहून गेलं होतं. मला मागची खोली मोकळी करून तिथे दुपारचा वाचनवर्ग सुरू करायचा होता. त्यासाठी एक शिक्षिका, सतरंज्या, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणि पंखा हवा होता. अनुदानाशिवाय यातलं काहीच होणार नव्हतं.

अर्जात एक रकाना होता: 'बंद काळात ग्रंथालयाने वाचकांना दिलेली सेवा'. मी त्यात शून्य लिहिलं. बोईसरच्या झेरॉक्सवाल्याने ते पाहून मला सल्लाही दिला होता. "मॅडम, कुछ तो लिख दो. कौन देखने आता है?" मला ते जमलं नाही. देवघेव रजिस्टरमध्ये, म्हणजे कोणतं पुस्तक कोणी नेलं आणि कधी आणलं याच्या वहीत, त्या काळातल्या पानांवर मीच एकेका ओळीत 'बंद' लिहिलं होतं.

आणि आता पालघरहून देशमाने साहेब पाहायला आले होते.

"अर्ज चांगला आहे," ते म्हणाले होते. "पण या शून्याने अडेल. शून्य असलेला अर्ज पुढे जात नाही. तरीही कपाटं बघून घेतो."

मग हे कपाट उघडलं.

"ही पुस्तकं अशी वेगळी का ठेवली आहेत?"

"वास जात नाही म्हणून," मी म्हटलं. "ग्रंथालय पुन्हा उघडलं तेव्हा ती अशीच सापडली. शेजारी मासळी सुकवतात. खिडकी उघडी राहिली असेल असं वाटलं."

"पुस्तकं कमी झाली होती?"

"साठा पडताळणी केली होती." साठा पडताळणी म्हणजे दाखल नोंदवही समोर ठेवून एकेक पुस्तक मोजणं. "एक सोडून सगळी होती. फक्त नंबराप्रमाणे नव्हती. उंचीप्रमाणे लावलेली होती, बारकी पुढे, मोठी मागे."

हे सांगताना मी दाराकडे पाहिलं. दारात लीलाबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. मासळीच्या पाटीत पापलेट मांडताना त्या बारकी पुढे, मोठी मागे मांडतात. मी हे हजार वेळा पाहिलं होतं. तरी इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"लीलाबाई?"

"सायेब," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाईंना काय बोलू नका. त्या वासाला कारण मी हाय."

साहेबांनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"लोक घरात कोंडलेले. मी मासळी घेऊन जायची तर दारातून विचारायचे, ग्रंथालय कवा उघडणार? चावी व्हती माझ्याकडं. पाटीत खाली पुस्तकं, वर केळीचं पान, त्यावर मासळी. परत आली का उन्हात टाकायची. टीवीवर सांगत व्हते, उन्हात मरतो तो आजार. आमच्या वलांडीवर दिवसभर ऊन."

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायला बांबू उभे करून बांधलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते दोरीवर टाकतात. लीलाबाईंनी पुस्तकं मधोमध उघडून त्याच दोरीवर, बोंबलांच्या शेजारी टाकली होती. मला हसू आवरेना. हातात अनुदानाची फाइल आणि समोर अधिकारी, तरी मी हसत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"पहिलं तुमीच सांगितलं व्हतं, बंद म्हणजे बंद. कुलूप काढायचं नाय. मंग तुमचं असं झालं." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "तुमी सात महिन्यांनी आलात. तवा पुस्तकांचं काय सांगू?"

माझे यजमान अविनाश साथीच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतर बराच काळ मी कोणालाच काही विचारलं नाही. लोकांनीही मला काही सांगितलं नाही.

साहेब मात्र कामाच्या मुद्द्यावर आले. "मावशी, कोणतं पुस्तक कुणाला दिलं, ते लिहून ठेवलंय?"

"मला लिवता येत नाय, सायेब."

"मग मी वर काय लिहू? वास येतो असं लिहू?"

"वाचलेलं हाय का नाय ते कळतं ना. शेवटलं पान बघा."

साहेबांनी हातातलं पुस्तक उलटलं. शेवटच्या पानावर, मजकुराखाली, पेन्सिलीच्या खुणा होत्या. बरोबरची खूण करतात तशा. एक, दोन, पाच. कुठे पेन, कुठे कोळसा, एक चक्क काजळाची. मी कपाटातलं दुसरं पुस्तक ओढलं. त्यात नऊ. तिसऱ्यात चार. मी जमिनीवर बसले आणि पुस्तकामागून पुस्तक उलटत गेले. साहेबही बसले. पडताळणी करताना मी या पुस्तकांचे नंबर पाहिले होते, पाठीवरची नावं पाहिली होती. शेवटचं पान एकदाही उघडलं नव्हतं.

"हा नियम कोणी केला?" साहेबांनी विचारलं.

"ग्रंथालयाचाच ना! वाचून झालं का खूण करायची. खूण नसंल तर मी पुस्तक परत घ्यायची नाय. म्हणायची, पुरं वाचा, मंग दुसरं देते."

आमच्या ग्रंथालयात असा नियम नाही. उलट पुस्तकात पेन्सिल चालवू नये अशी पाटी मीच लावली आहे. शेवटच्या पानावर खूण करणारा माणूस मला एकच माहीत होता. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा आणलं जाऊ नये म्हणून अविनाश तशी खूण करायचे. मी खोडरबर घेऊन मागे लागायची.

"लीलाबाई, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"तुमच्या सायबांनी. बंदीत माझा पगार द्यायला तेच यायचे ना, फटफटीवर, कंपनीचा पास दाखवून. एकदा त्यांनी त्यांचं पुस्तक परत दिलं. पाटीवर ठेवून शेवटी खूण केली. मी विचारलं, ह्ये काय? म्हणाले, वाचून झालं की करायची. मला वाटलं, कायदा असंल."

पडताळणीत जे एक पुस्तक सापडलं नव्हतं, ते अविनाशच्या कार्डावर होतं. मी ते घरभर शोधलं होतं. दवाखान्यात नेलेल्या पिशवीत गेलं असेल असं समजून शेवटी 'गहाळ' लिहिलं होतं. कार्ड मात्र रद्द केलं नव्हतं.

"ते पुस्तक कुठे आहे?" माझा आवाज जरा मोठा झाला असावा. साहेबांनी मान वर केली.

"मोरूनानांच्या वाडीत. तेच तर पहिलं दिलं. पाटीत दिसलं म्हणून मागून घेतलं. अजून आलं नाय."

साहेब उठले. "चला. खुणा ही नोंद नाही. पण एखाद्या वाचकाचं निवेदन मिळालं, सहीनिशी, तर मी लिहू शकतो."

मी चपला घातल्या आणि निघाले. डाव्या-उजव्या चपलांची अदलाबदल झाली आहे हे मला वाडीत पोचल्यावर कळलं. लीलाबाई पुढे, मी मधे, साहेब मागे फाइल घेऊन. किती दिवसांनी मी असं भरभर चालत होते!

मोरूनाना चिकूच्या झाडाखाली करंड्या बांधत बसले होते. मला आणि साहेबांच्या हातातली फाइल बघून त्यांचा चेहरा बदलला.

"आमच्याकडं नाय कसलं पुस्तक."

"नाना, मी स्वतः दिलंय," लीलाबाई म्हणाल्या.

"दिलं असशील. आमी नाय घेतलं. आमी वाचणारी माणसं हाव काय?"

साहेबांनी फाइल मिटली. इथवर येऊन पुन्हा शून्यच.

"अरे मोरू!" लीलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "दंड घ्याया नाय आले! त्या दिवशी माझ्या पाटीतली मुशी फुकट घेतलीस तवा बरा लाजला नायस. आता खोटं बोलतोस?"

घरातून बाईचा आवाज आला. "अहो, ते गादीखालचं! पिवळं!"

नानांनी कपाळावर हात मारला.

नानांची बायको सावित्रीकाकू बाहेर आल्या. हातात पुस्तक, त्याला पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राचं कव्हर. त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही, पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

"दंड किती झाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "काकू, इतके दिवस का ठेवलं?"

"लीला म्हणाली, खूण केली का परत द्यायचं. मी खूण केली नाय."

"वाचून झालं नाही?"

"दोन पानं ठेवलीयत." त्यांनी कव्हरची घडी सारखी केली. "त्या वर्षी माझी बहीण गेली. घरात बोलायला कोण नाय, नाना वाडीत. तवा हे रोज एक पान वाचायची. संपलं की पुन्यांदा पहिल्यापासून. शेवटली दोन पानं सोडून. संपवलं तर द्यावं लागंल ना."

साहेब ओट्यावर बसले आणि त्यांनी पेनाचं टोपण उघडलं. "काकू, हेच सांगा. सावकाश सांगा. मी लिहितो."

काकू सांगत होत्या. नाना मधेच म्हणाले, "मलापण वाचून दाखवायची, ते लिवा." साहेबांनी तेही लिहिलं. काकूंनी सही केली, नानांनी साक्षीदार म्हणून केली.

मी पुस्तक मागितलं. काकूंनी बजावलं, "शेवटचं मला सांगू नका हां." मी पाठमोरी झाले आणि शेवटचं पान उघडलं. मजकुराखाली एकच खूण होती. जाड, उजवीकडे झुकलेली, शेपूट लांब ओढलेली. अविनाशनी ते पुस्तक पुरं वाचलं होतं.

मी ते मिटून काकूंना परत दिलं.

ग्रंथालयात आल्यावर साहेबांनी अर्ज पुढे ठेवला. सरकारी कागदावर खोडत नाहीत, एक आडवी रेघ मारून बाजूला सही करतात. मी शून्यावर रेघ मारली. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेले: 'ग्रंथालय सेविका श्रीमती लीलाबाई यांनी वाचकांच्या घरी पुस्तके पोहोचवली. पुस्तकांवर वाचकांच्या खुणा आहेत. एका वाचकाचे निवेदन सोबत जोडले आहे.'

"आणि कुलूप काढायला परवानगी नव्हती, त्याचं काय?" मी विचारलं.

"तो रकाना या अर्जात नाही," साहेब म्हणाले.

लीलाबाईंनी जाताना त्यांना विचारलं, "सायेब, सुके बोंबील देऊ का?" साहेब म्हणाले, "मावशी, तपासणीला आलोय, घेता येत नाही." मग दारातून वळून म्हणाले, "विकत किती?"

अनुदान मंजूर झालं. पत्र आलं तेव्हा मी ते लीलाबाईंना तीनदा वाचून दाखवलं. मागच्या खोलीत आता दुपारी वर्ग भरतो. कुलपातलं कपाट तिथेच आहे, दारं मात्र काढून टाकली आहेत. मुलांना तीच पुस्तकं आधी हवी असतात. पुस्तकं नाकाला लावून मुलं ओरडतात आणि मग वाचायला बसतात.

ते पिवळं पुस्तक मी अविनाशच्या कार्डावरून उतरवलं आणि सावित्रीकाकूंचं नवं कार्ड करून त्यावर चढवलं. परतीच्या तारखेचा रकाना मोकळा ठेवला. अविनाशच्या कार्डावर आता काहीच बाकी नाही. अशा कार्डावर आमच्याकडे 'निरंक' असा शेरा मारतात. तो मी मारला, सही केली आणि कार्ड बंद करून ठेवलं.

नव्याने या कामात येणाऱ्यांना एवढंच सांगेन. साठा पडताळणी करताना पुस्तकं मोजाच, पण प्रत्येकाचं शेवटचं पानही उघडून बघा. 'पुस्तकात पेन्सिल चालवू नये' ही पाटी मी अजून काढलेली नाही. खोडरबर मात्र आता मुलांच्या डब्यात टाकलाय.