गल्ल्यावरचा माणूस

तो हॉटेलात वेटर होता, पण लग्न ठरताना त्याने "गल्ल्यावर बसतो" असं ठोकून दिलं होतं. ती थाप आता संसाराइतकीच जुनी झाली होती. बायकोला तो आपल्या हॉटेलाकडे फिरकू देत नसे. सुट्टीला वसाहतीच्या दुसऱ्या टोकाच्या बागेत चक्कर आणि तिथल्या स्वस्त खानावळीत जेवण, ही त्यांची चैन.

त्या संध्याकाळी खानावळीत मागच्या टेबलावरून कुणीतरी खेकसलं, "अहो, पाणी कुठंय?"

"आणतो साहेब!" म्हणत तो ताडकन उठला. जग उचलून त्याने सगळ्यांचे ग्लास भरले आणि वळता वळता उष्ट्या ताटल्याही हातावर चढवल्या. तेव्हा कुठे त्याला समोर बसलेली बायको दिसली. तिथला खरा वेटर आ वासून बघत होता.

खाली मान घालून तो परत आला. "गर्दी असली की गल्ल्यावरच्यालाही हात लावावा लागतो," तो पुटपुटला.

"बसा आता. गल्ल्यावरच्या माणसाच्या खांद्याला रोज चहाचे डाग कसे पडतात, हे मी लग्न झाल्या झाल्याच विचारणार होते."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही इतकं मन लावून सांगत होतात!"

त्याचे कान तापले. तेवढ्यात वेटर ऑर्डर घ्यायला आला. "काका, हात सराईत आहे हो! कुठं असता?"

बायको मेन्यूकार्डात डोकं घालून बसली.

"नाक्यावरच्या हॉटेलात. वेटर आहे."

"काय म्हणालात?" वेटरने वाकून विचारलं.

त्याला ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगावं लागलं.